वारे गेले की रक्त थांबले?

‘अंगावरून वारं गेलं’ हे शब्द तुम्ही घरात, वाडीवस्तीवर किंवा एस.टी.च्या प्रवासात कधी ना कधी ऐकले असतील. काल संध्याकाळपर्यंत शेतात राबणारा माणूस सकाळी उठतो तो एक हात आणि एक पाय लुळा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले, जीभ जड झालेली. या विकाराचे पुस्तकी नाव अर्धांगवायू. म्हणजे खेड्यातली आजी काय किंवा जुने वैद्य काय, दोघांनीही दोष वाऱ्याच्याच माथी मारलेला आहे. मग शहरात शिकून आलेला नातू आजीची चूक सुधारतो. ‘‘वारंबिरं काही नाही गं, हा नसांचा आजार आहे.’’

हा नातू आजीच्या फारसा पुढे गेलेला नाही, असे माझे मत आहे. आणि त्याला तेथेच अडवून ठेवण्यात आपल्या शिकवण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

‘नस’ हा शब्दच घ्या. ‘पायाची नस चढली’ म्हणतो तेव्हा आखडलेला असतो स्नायू. ‘सुई नशीत गेली नाही’ म्हणतो तेव्हा नस म्हणजे नीला. ‘कमरेत नस दबली आहे’ म्हणतो तेव्हा नस म्हणजे मज्जातंतू. आणि ‘डोक्यातली नस फुटली’ म्हणतो तेव्हा ती असते रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी. बोलीभाषेने शरीरातल्या सगळ्या दोऱ्यानळ्या एकाच गाठोड्यात बांधल्या. हे गाठोडे सोडून रोहिणी, नीला, केशवाहिनी, चेतापेशी अशी वेगवेगळी नावे देणे हे शाळेचे कामच आहे आणि शाळा ते करते. माझी तक्रार त्यापुढची आहे. रक्ताभिसरणाचा धडा वेगळा, चेतासंस्थेचा धडा वेगळा, त्यांच्या आकृत्या वेगळ्या, परीक्षेतले प्रश्नही वेगळे. सोडवलेले गाठोडे परत कोणी बांधूनच दाखवत नाही. मग दहावी पास झालेला मुलगा असे समजतो की मेंदू हे विजेचे यंत्र आहे आणि रक्तवाहिन्या म्हणजे त्या इमारतीतले पाण्याचे नळ. नळ बिघडले तर गैरसोय होईल, पण विचार करण्याशी नळाचा काय संबंध?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने या भानगडीत का पडावे, असे जीवशास्त्राचे शिक्षक विचारतील. त्यांना आठवण करून देतो की नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा जो नियम आम्ही शिकवतो, तो शोधणारा प्वाझय हा फ्रेंच गृहस्थ डॉक्टर होता. १८४० च्या सुमारास त्याने बारीक काचनळ्यांतून द्रव सोडून मापे घेतली, ती रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते या कुतूहलापोटी. त्याला आढळले, की दाब आणि लांबी तीच ठेवली तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. चौथा घात! त्रिज्या दुप्पट केली तर प्रवाह सोळा पट. त्रिज्या फक्त १० टक्के वाढवली तर १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे प्रवाह जवळजवळ दीडपट. उलट, रोहिणी पाचव्या हिश्श्याने अरुंद झाली तर ०.८ चा चौथा घात ०.४१, म्हणजे निम्म्याहूनही कमी प्रवाह उरतो. वाहिनीच्या भिंतीतला स्नायू केसभर आखडला किंवा सैलावला तरी पुढच्या पेशींच्या वाट्याला येणारे रक्त केवढे बदलते ते पाहा. (केशवाहिनीत हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, केशवाहिनी त्याहूनही अरुंद. पेशीला अंग चोरून, दुमडून जावे लागते.)

हे सांगायचे कारण, मेंदूइतका रक्तावर अवलंबून असलेला दुसरा अवयव नाही. मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम, शरीराच्या दोन टक्के. पण शरीर स्वस्थ असताना वापरल्या जाणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. दर मिनिटाला त्यातून ७०० मिलिलिटरच्या आसपास रक्त जाते. स्नायूंत किंवा यकृतात जसा इंधनाचा साठा असतो तसा मेंदूत जवळजवळ नाहीच. हातावरचे पोट म्हणतात ना, तसा हा अवयव आहे. मेंदूकडे जाणारे रक्त पूर्ण थांबले तर माणूस दहा सेकंदांच्या आत शुद्ध हरपतो.

याचा सौम्य नमुना तुम्ही शाळेतच पाहिला असेल. प्रार्थनेच्या रांगेत, विशेषतः उन्हात, एखादा मुलगा धाडकन खाली पडतो. बराच वेळ न हलता उभे राहिल्याने रक्त पायांत साठते, हृदयाकडे कमी परतते आणि दाब उतरतो. त्यातच उभ्या माणसाचा मेंदू हृदयाच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभामुळे मेंदूपाशी दाब पाऱ्याच्या २३ मिलिमीटरने कमीच भरतो. हे गणित नववीच्या मुलाला करता यावे. पडलेला मुलगा आडवा झाला की हा फरक नाहीसा होतो आणि तो शुद्धीवर येतो. म्हणजे पडणे हाच त्यावरचा इलाज असतो! आपण मात्र त्याला घाईघाईने उचलून बसवतो आणि नाकाशी कांदा धरतो. त्याला आडवाच राहू द्या, पाय थोडे वर करा, गर्दी हटवा. कांदा भाजीला राहू द्या.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. किकवीच्या किंवा नीरा खोऱ्यातल्या कोणत्याही मुलाला शेतात दारे धरणे काय ते सांगावे लागत नाही. पाटाला पाणी आले की फावडे घेऊन उभे राहायचे, एका वाफ्याचे दार मोडायचे, तो भरला की बुजवायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. सगळ्या वाफ्यांना एकदम पुरेल एवढे पाणी पाटात कधीच नसते. मेंदूतही तेच आहे. तुम्ही वाचू लागलात की डोक्याच्या मागच्या भागातल्या, दृष्टीशी संबंधित वाफ्याची दारे उघडतात. हात हलवलात की दुसऱ्या भागाची. ही दारे म्हणजे बारीक रोहिण्यांच्या भिंतींतले स्नायू, आणि केशवाहिन्यांना बोटांनी कवटाळून बसावे तशा बसलेल्या परिपेशी. चेतापेशी आणि रोहिणी यांच्यामध्ये चांदणीच्या आकाराच्या तारकापेशी असतात. त्यांचे एक टोक चेतापेशींच्या जोडांपाशी, तर दुसरे रोहिणीच्या भिंतीला लागलेले. निरोप्याचे काम बरेचसे त्या करतात.

ही गोष्ट पहिल्यांदा दिसली ती एका गरीब शेतकऱ्याच्या डोक्यात. १८८० च्या सुमारास इटलीत अँजेलो मोसो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. बर्तिनो नावाच्या शेतकऱ्याच्या कवटीला अपघाताने भोक पडले होते, आणि त्यातून मेंदूचे स्पंदन दिसे, तान्ह्या मुलाच्या टाळूचे दिसते तसे. मोसोने त्यावर नोंद करणारे उपकरण बसवले. दुपारी देवळाची घंटा वाजली तेव्हा स्पंदने अचानक वाढली, मनगटावरची नाडी मात्र होती तशीच. प्रार्थना म्हणायची राहिली, हे घंटेमुळे आठवले का, असे मोसोने विचारले तेव्हा ती पुन्हा वाढली. नुसत्या विचाराने मेंदूकडचे रक्त बदलले! पुढे १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन या दोघांनी, मेंदूचा जो भाग काम करतो तो आपल्यापुरते रक्त ओढून घेतो, असा विचार प्रयोगांसह मांडला.

आज मेंदूची जी रंगीत चित्रे वर्तमानपत्रांत येतात, ‘प्रेमाचे केंद्र सापडले’ वगैरे मथळ्यांखाली, ती चित्रे चेतापेशींची नसतात हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, प्राणवायूने भरलेले तसे ओढले जात नाही, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवले होते. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी या फरकाचा उपयोग करून मेंदूचे चित्र घेतले. म्हणजे ती चित्रे रक्ताची असतात. रक्तावरून आपण विचाराचा अंदाज बांधतो, जसा हिरव्या पट्ट्यावरून पाटाचा अंदाज बांधावा. गंमत म्हणजे काम करणाऱ्या भागाला लागतो त्याहून कितीतरी जास्त प्राणवायू पाठवला जातो. १९८६ मध्ये फॉक्स आणि रायकल यांनी मोजले तेव्हा प्रवाह २९ टक्के वाढला होता, प्राणवायूचा वापर मात्र जेमतेम ५ टक्के. एवढी उधळपट्टी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

येथे आपल्याकडच्या एका संशोधकाचे नाव सांगितले पाहिजे, कारण ते शाळेत कोणी सांगत नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात चेताविकृतिशास्त्राचा विभाग उभारणारे डॉ. दाराब दस्तूर. तरुणपणी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सेमूर केटी यांच्या गटाबरोबर होते. मेंदूतून जाणारे रक्त कसे मोजायचे, ही पद्धत केटी आणि श्मिट यांनी बसवली होती. अगदी थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगायला द्यायचा आणि मेंदूत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या रक्तात तो किती आहे याचा हिशोब मांडायचा. दस्तूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हातारपणी मेंदूचे रक्त किती कमी होते हे मोजले आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. खरोखर निरोगी असलेल्या वृद्धांत ते तरुणांपेक्षा विशेष कमी नव्हते. ज्यांच्या रोहिण्या आतून हळूहळू बिघडू लागल्या होत्या, पण ज्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हते, त्यांच्यात ते कमी भरले. ‘वय झालं, आता विसरायचंच’ हे आपले घरगुती वेदवाक्य या मापनापुढे लंगडे पडते. वयापेक्षा वाहिन्यांकडे पाहा, असे ती मापने सांगतात. आणि वाहिन्या बिघडवणाऱ्यांत पहिला नंबर रक्तदाबाचा. गावातल्या पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब मात्र नियमित मोजला जात नाही.

येथवर चेतापेशी धनी आणि रक्तवाहिनी गडी, असेच चित्र झाले. धनी मागेल तेव्हा गड्याने दार मोडायचे. पण गेल्या काही वर्षांत जे समोर आले आहे, त्याने गडीही धन्याला सुनावतो असे दिसू लागले आहे. २००८ मध्ये मूर आणि काओ यांनी, रक्ताचा प्रवाह स्वतःच चेतापेशींच्या कामात फेरफार करत असावा, अशी कल्पना मांडली. २०१६ मध्ये अमेरिकेत जेसिका फिलोसा यांच्या गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचे जिवंत पातळ काप घेऊन त्यांतल्या बारीक रोहिणीत दाब वाढवला. रोहिणी आखडली, आणि शेजारच्या चेतापेशींचे संदेश मंदावले. निरोप येथेही तारकापेशींनीच पोचवला, पण उलट दिशेने. २०२४ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याहून चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. उंदराच्या मेंदूत वासाचे ज्ञान ज्या भागात होते तेथल्या काही चेतापेशी, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जी दाबाची लाट येते ती सरळ टिपतात. त्यांच्या आवरणात ताणाने उघडणारी दारे असतात. या दारांना पिएझो म्हणतात. ती शोधल्याबद्दल आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. म्हणजे मेंदूला नाडी कळायला कोणा वैद्याचे बोट लागत नाही. भीती वाटली की छाती धडधडते हे आपण शिकवतो. धडधडणाऱ्या छातीचा ठोका मेंदूच्या पेशींना थेट कळत असेल, तर तो कळून त्या काय करतात? हा प्रश्न अगदी ताजा आहे, आणि तुमच्या पिढीने सोडवावा असा आहे.

याचा अर्थ ‘मेंदूचा रक्तपुरवठा वाढवून बुद्धी तल्लख करणाऱ्या’ बाटल्या विकत घ्याव्या असा कोणी काढू नये. सर्वसाधारण माणसाचा दाब बऱ्याच मर्यादेत वरखाली झाला तरी बारीक रोहिण्या आखडून किंवा सैलावून मेंदूतला एकूण प्रवाह जवळपास तेवढाच ठेवतात. खाली डोके वर पाय केल्याने गणिताचे गुण वाढत नाहीत ते यामुळेच. शीर्षासन व्यायाम म्हणून कोणाला करायचे तर शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली खुशाल करावे.

आता पुन्हा त्या लुळ्या पडलेल्या माणसाकडे चला. बहुतेक वेळा मेंदूतल्या एखाद्या रोहिणीत गुठळी अडकलेली असते. काही वेळा रोहिणी फुटलेली असते. गुठळीच्या पुढच्या भागात रक्त किती पोचते यावर सारे अवलंबून आहे. निरोगी मेंदूत दर १०० ग्रॅमला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की चेतापेशी गप्प होतात. त्यांचे विद्युत् संदेश थांबतात, पण त्या मरत नाहीत. १० च्याही खाली गेले की मात्र मरू लागतात. १९७० नंतरच्या दशकात लंडनमध्ये सायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांत या दोन वेगळ्या पायऱ्या दाखवल्या. मधल्या, गप्प पण जिवंत असलेल्या पट्ट्याला त्यांनी नाव दिले ते ग्रहणाच्या धड्यातले : उपच्छाया. मधोमध गडद प्रच्छाया, तेथे सगळे संपलेले. भोवती फिकट उपच्छाया, तेथे प्रकाश परत येण्याची शक्यता असलेली. भौतिकशास्त्रातून वैद्यकाने उसने घेतलेले याहून नेमके नाव मला माहीत नाही.

आजारी माणसाचा हात हलत नाही तो हाताच्या नशा गेल्या म्हणून नव्हे. हात हलवणारा मेंदूचा तुकडा उपच्छायेत उभा आहे, रक्ताची वाट पाहत. मोठ्या रोहिणीतला अडथळा तसाच राहिला तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारे औषध सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतली गुठळी बारीक नळी घालून काढता येते, आणि निवडक रुग्णांत त्यानंतरही ते करतात. पण उशीर जितका जास्त तितका उरणारा मेंदू कमी. आणि औषध देण्याआधी सी.टी. स्कॅन हवाच, कारण रोहिणी फुटलेली असेल तर हेच औषध घात करील. घरात असलेली ॲस्पिरिनची गोळी आपल्या मनाने देऊ नये तेही याचसाठी. शिवाय गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा ठसक्याने फुप्फुसात जाते.

हा आजार शहरी, श्रीमंत माणसांचा आहे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात मृत्यूंची कारणे नोंदवली. त्यांत पहिला क्रमांक निघाला तो याच झटक्याचा. दर सात मृत्यूंमागे एक. आणि यांतले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. गडचिरोली दूर आहे म्हणाल, तर किकवी घ्या. पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. पुणे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर तास-दीड तासात पेशंट शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचतो. म्हणजे साडेचार तासांतले तीन तास हाताशी उरतात. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून अर्थातच कमी. तरीही हे तीन तास जातात कोठे, तर माझ्या मते रस्त्यावर नव्हे, घरात जातात. ‘रात्रीची झोप झाली की उतरेल.’ ‘आधी अमक्याकडून तेल लावून आणू, त्याच्या हाताला गुण आहे.’ आजार नसांचा असेल, तर नसांना तेल चोळणे हा तर्क चुकीचा नाही! चुकली आहे ती समजूत, आणि ती समजूत दुरुस्त करण्याची जागा शाळा आहे.

म्हणून शिक्षकांना सुचवतो की चेतासंस्थेचा धडा संपला की एक तास रक्ताभिसरणाच्या धड्याला परत द्यावा. रिकामी रिफील आणि सरबताची बारीक नळी यांचे सारख्या लांबीचे तुकडे घ्या, सारख्या उंचीच्या पाण्याखाली लावा आणि मिनिटात किती पाणी येते ते मोजा. चौथा घात अगदी तंतोतंत येणार नाही, कारण रुंद नळीत पाणी जोराने वाहू लागले की प्वाझयचा नियम ढिला पडतो. पण मुले आकडे पाहून चमकतील. मनगटावर नाडीच्या जागी मेणाच्या गोळीत काडी खोचून ठेवली की ठोक्यागणिक काडी हलताना दिसते, तेही दाखवा. मग तोंड वाकडे, हात खाली पडणारा, बोलणे अडखळणारे, या तीन खुणा फळ्यावर लिहा. यांतली एक जरी अचानक दिसली तरी घड्याळ पाहायचे, १०८ ला फोन करायचा, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून बरोबर द्यायची. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

आणि विद्यार्थ्यांनो, विज्ञान प्रदर्शनासाठी ज्वालामुखीची प्रतिकृती करायची असेल तर ती पुढच्या वर्षी करा. या वर्षी आपल्या गावातून सी.टी. स्कॅन असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोचायला किती मिनिटे लागतात ते शोधून काढा. दिवसाचा आकडा वेगळा, रात्रीचा वेगळा. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची मिनिटेही धरा, आणि पावसाळ्यातली वेगळी लिहा.